९.९० पौंड घेतो केमिस्ट, पण ते जातात कुठे? इंग्लंडमध्ये सरकार औषध दुकानांना पैसे कसे देतं?

इंग्लंडमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेलं की काउंटरवर ९ पौंड ९० पेन्स मोजावे लागतात. चिठ्ठीवर तीन औषधं असतील तर तिप्पट. गोळ्यांचं पाकीट पन्नास पेन्सचं असो की पाचशे पौंडांचं, एका औषधामागे आकडा तोच. पैसे घेणारा माणूस केमिस्ट असतो, त्यामुळे 'हा चांगलाच कमावतोय' असं कुणालाही वाटेल.

पण या ९.९० पौंडांतली एक पेनीही केमिस्टची नसते. तो हे पैसे सरकारच्या वतीनं गोळा करतो आणि महिनाअखेरच्या हिशोबात सरकार तेवढी रक्कम त्याच्या बिलातून कापून घेतं. शिवाय इंग्लंडमध्ये दिल्या जाणाऱ्या दहापैकी जवळपास नऊ औषधांवर हे शुल्क लागतच नाही. साठी ओलांडलेले, १६ वर्षांखालची मुलं, गरोदर महिला, कमी उत्पन्नाचे अनेक लोक यांना औषध मोफत मिळतं. वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तर ते सगळ्यांनाच मोफत आहे. वेल्सनं हे शुल्क २००७ मध्ये रद्द केलं, उत्तर आयर्लंडनं २०१० मध्ये आणि स्कॉटलंडनं २०११ मध्ये.

मग दुकान चालतं कशावर? याचं उत्तर जरा गुंतागुंतीचं आहे. गेल्या दहा वर्षांत तिथली हजाराहून अधिक औषध दुकानं का बंद झाली, हेही त्यातूनच कळतं.

सरकारी काम, पण नोकरी सरकारी नाही

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एनएचएस. ती ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. एनएचएसच्या हॉस्पिटलमधला फार्मासिस्ट सरकारी वेतनश्रेणीत असतो. ठरलेली ग्रेड, ठरलेली वाढ, पेन्शन. गल्लीतल्या दुकानातल्या फार्मासिस्टचं तसं नाही. ते दुकान खासगी मालकीचं असतं. कधी एखाद्या कुटुंबाचं, कधी बूट्ससारख्या मोठ्या साखळीचं. सरकार करार करतं तो दुकानाशी. फार्मासिस्टला पगार मालक देतो, आणि तो किती असावा याबद्दल सरकार काही म्हणत नाही.

ही रचना एनएचएसच्याही आधीची आहे. १९११ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी आणलेल्या राष्ट्रीय विमा कायद्यानं कामगारांना डॉक्टर आणि औषध मिळण्याची सोय केली. त्याआधी बहुतेक डॉक्टर स्वतःच औषध बनवून द्यायचे. लिहिणारा वेगळा आणि देणारा वेगळा ही विभागणी तेव्हापासून पक्की होत गेली. औषध देणाऱ्या केमिस्टला सरकारी योजनेतून पैसे मिळू लागले. दुकान मात्र त्याचंच राहिलं. १९४८ मध्ये हीच पद्धत एनएचएसनं उचलली.

इंग्लंडमधल्या दुकानांसाठी सध्याची कराराची चौकट २००५ पासूनची आहे. सरकारशी वाटाघाटी करते ती कम्युनिटी फार्मसी इंग्लंड ही दुकानदारांची प्रतिनिधी संस्था. २०२३ पर्यंत तिचं नाव पीएसएनसी होतं.

पैसे येतात तीन वाटांनी

पहिली वाट सोपी आहे. प्रत्येक औषधामागे ठरलेली फी. एप्रिल २०२५ पासून ती १.४६ पौंड आहे, त्याआधी बराच काळ १.२७ पौंड होती. पौंडाचा भाव ११० ते १२० रुपये धरला तर १.४६ पौंड म्हणजे १६० ते १७५ रुपये. एका औषधासाठी हे भरपूर वाटेल. पण चिठ्ठी तपासणं, डोस बरोबर आहे का ते पाहणं, दोन औषधं एकमेकांना बाधक नाहीत ना हे बघणं, लेबल लावणं, रुग्णाला समजावून सांगणं हे सगळं त्यात आलं. दुकानाचं भाडं, वीज आणि मदतनिसांचा पगारही त्यातूनच. शिवाय कायद्यानं दुकानाची जबाबदारी एका नोंदणीकृत फार्मासिस्टकडे असावीच लागते. तो नसेल तर चिठ्ठीवरचं औषध देण्यावर मर्यादा येतात.

तिसरी वाट म्हणजे सेवांचे पैसे. लसीकरण, रक्तदाब तपासणी, नवीन औषध सुरू झालेल्या रुग्णाची विचारपूस. त्याबद्दल पुढे.

खरी गंमत दुसऱ्या वाटेत आहे. ती म्हणजे औषधाच्या खरेदीतला फरक.

दुकानदारानं स्वस्तात घ्यावं, सरकारनं त्यातला वाटा घ्यावा

दुकानदार औषध होलसेलरकडून स्वतःच्या पैशांनी विकत घेतो. सरकार त्याला त्याची किंमत नंतर भरून देतं. पण त्यानं प्रत्यक्षात किती पैसे दिले हे बिल बघून नाही. सरकार दर महिन्याला 'ड्रग टॅरिफ' नावाचं एक जाडजूड दरपत्रक काढतं. त्यात जो भाव लिहिलाय तोच मिळतो. दुकानदारानं त्याहून स्वस्तात घेतलं तर फरक त्याचा, महाग घेतलं तर तोटा त्याचा.

हा फरक म्हणजे चोरी किंवा पळवाट नाही. सरकारनंच तो पगाराचा भाग म्हणून मोजलेला आहे. २०१९ ते २०२४ या करारात सगळ्या दुकानांनी मिळून वर्षाला ८० कोटी पौंड या मार्गानं कमवावेत असं गणित होतं. हेतू असा, की दुकानदार स्वस्त औषध शोधत राहतील, कंपन्यांमध्ये स्पर्धा होईल आणि जेनेरिक औषधांचे भाव खाली राहतील. सरकारला हे जमलंही. ब्रिटनमध्ये जेनेरिक औषधं खूप स्वस्त आहेत.

पण दुकानदारांनी ८० कोटींपेक्षा जास्त कमावले तर? मग सरकार दरपत्रकातले भाव खाली आणतं. कमी कमावले तर वर नेतं. यासाठी एप्रिल २००५ पासून 'कॅटेगरी एम' नावाची जेनेरिक औषधांची यादी आहे. तिचे भाव दर तीन महिन्यांनी बदलतात. म्हणजे एखाद्यानं हुशारीनं खरेदी केली तर काही काळ फायदा होतो. सगळ्यांनीच हुशारी दाखवली की पुढच्या तिमाहीत सगळ्यांचेच भाव कापले जातात.

याच्यावर आणखी एक कात्री आहे. होलसेलरकडून सवलत मिळाली असणार असं सरकार आधीच गृहीत धरतं. जेनेरिक औषधांवर २० टक्के आणि ब्रँडेड औषधांवर ५ टक्के रक्कम कापूनच पैसे देतं. सवलत खरंच मिळाली का, हे विचारलं जात नाही.

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा एका पाकिटाचा टॅरिफमधला भाव १ पौंड आहे. २० टक्के कापून सरकार देणार ८० पेन्स. दुकानदारानं ते ७० पेन्सला घेतलं असेल तर त्याला १० पेन्स सुटले, वर १.४६ पौंड फी. सगळं ठीक.

आता एखादा कारखाना बंद पडला किंवा कच्चा माल अडकला आणि तेच पाकीट बाजारात १.५० पौंडाला झालं. सरकार देणार तेच ८० पेन्स. पाकिटामागे ७० पेन्सचा तोटा, म्हणजे फीचा जवळपास निम्मा भाग गेला. औषध ४० पौंडांनी महागलं असेल तर हिशोब करायलाच नको.

दुकानदार 'हे परवडत नाही, देत नाही' म्हणू शकत नाही. चिठ्ठीवरचं औषध देणं त्याला करारानं बंधनकारक आहे. वरचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. १० मिलिग्रॅमची गोळी नसेल म्हणून ५ मिलिग्रॅमच्या दोन देऊ, असंही सहसा परस्पर करता येत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी लागते.

यावर उपाय म्हणून एक सोय आहे. बाजारात टॅरिफच्या भावात औषध मिळतच नसेल तर दुकानदार कळवतात, त्यांची संस्था सरकारकडे मागणी करते आणि सरकार त्या महिन्यापुरता वाढीव भाव जाहीर करतं. पण तो अनेकदा महिना संपत आल्यावर जाहीर होतो. तोपर्यंत औषध चढ्या भावानं घेऊन, रुग्णाला देऊन झालेलं असतं. पैसे मिळतील की नाही आणि मिळाले तर पुरेसे मिळतील का, हे माहीत नसताना खरेदी करायची. २०२२ आणि २०२३ मध्ये अशा औषधांची मासिक यादी कमालीची लांब झाली होती.

इथे महाराष्ट्र आणि गोव्याचाही धागा आहे. ब्रिटनच्या काउंटरवरून दिल्या जाणाऱ्या जेनेरिक गोळ्यांचा मोठा वाटा भारतातल्या कारखान्यांतून जातो, आणि त्यात या दोन राज्यांतले कारखानेही आहेत. त्यामुळे इथे उत्पादन थांबलं किंवा जहाजं अडकली, तर त्याचा फटका तिथल्या एखाद्या खेड्यातल्या केमिस्टच्या महिन्याच्या हिशोबाला बसू शकतो.

सात वर्षं एकच आकडा

२०१६ पर्यंत दुकानांना काही स्थिर रक्कमही मिळायची. ठरावीक संख्येपेक्षा जास्त औषधं देणाऱ्या दुकानाला वर्षाला एक ठोक भत्ता होता. डिसेंबर २०१६ मध्ये सरकारनं एकतर्फी कपात लादली. वर्षाला २८० कोटी पौंडांच्या आसपास असलेली एकूण रक्कम २०१७-१८ मध्ये २५९.२ कोटींवर आली. ठोक भत्ताही कापायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत तो पूर्ण बंद झाला. विरोधातल्या अर्जावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या. प्रकरण कोर्टातही गेलं, पण दुकानदार हरले.

ठोक भत्ता जाण्याचा परिणाम कपातीच्या आकड्यापेक्षा खोल होता. आता जवळपास सगळी कमाई किती औषधं दिली यावर येऊन ठेपली. वर्दळीच्या रस्त्यावरच्या दुकानाला ते झेपतं. जिथे गिऱ्हाईक कमी पण गरज मोठी, अशा ठिकाणी नाही. जवळच्या दुसऱ्या दुकानापासून एक मैलाहून लांब असलेल्या दुकानांसाठी वेगळी मदत योजना ठेवली गेली, तीही अटींसह.

मग २०१९ चा पाच वर्षांचा करार आला. रक्कम? वर्षाला २५९.२ कोटी पौंड, पाचही वर्षं. आधीची दोन वर्षं धरली तर सात वर्षं तोच आकडा. करार झाला तेव्हा महागाई कमी होती, त्यामुळे काहींना त्यात निदान स्थैर्य दिसलं. नंतर कोविड आला, युक्रेन युद्ध आलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधली महागाई ११.१ टक्क्यांवर गेली. वीज वाढली, पगार वाढले, औषधं महागली. करारातला आकडा हलला नाही.

२०२३ मध्ये लॉइड्सफार्मसी या बड्या साखळीनं सेन्सबरीज सुपरमार्केटमधली आपली सगळी दुकानं बंद केली, पुढे उरलेली विकून टाकली, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनी अवसायनात गेली. जून २०२३ मध्ये बूट्सनंही ३०० दुकानं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये पावणेबारा हजारांच्या आसपास औषध दुकानं होती, २०२५ च्या सुरुवातीला ती साडेदहा हजारांच्या आसपास उरली. याच काळात दिल्या जाणाऱ्या औषधांची संख्या मात्र वाढतच गेली. ती आता वर्षाला शंभर कोटींहून जास्त आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅशनल फार्मसी असोसिएशन या स्वतंत्र दुकानदारांच्या संघटनेनं मतदान घेतलं. कामाचे तास कमी करायचे, घरपोच औषधं बंद करायची, सरकारवर दबाव आणायचा का? सदस्यांनी प्रचंड बहुमतानं हो म्हटलं. ही संघटना १९२१ सालची आहे, आणि असं पाऊल तिनं त्याआधी कधीच उचललं नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एनएचएस इंग्लंडनंच करून घेतलेला एक स्वतंत्र आर्थिक अभ्यास बाहेर आला. एनएचएसचं हे काम करण्याचा पूर्ण खर्च वर्षाला सुमारे ५०६ कोटी पौंड असल्याचा निष्कर्ष त्यात होता. म्हणजे जे मिळत होतं त्याच्या जवळपास दुप्पट. जवळपास निम्मी दुकानं तोट्यात होती. त्यापाठोपाठ नवा करार झाला. २०२४-२५ साठी २६९.८ कोटी आणि २०२५-२६ साठी ३०७.३ कोटी पौंड. खरेदीतल्या फरकाची मर्यादा ९० कोटींवर गेली आणि आधी ठरल्यापेक्षा जास्त गेलेले १९.३ कोटी परत न मागण्याचं सरकारनं मान्य केलं. संघटनेनं आंदोलन थांबवलं.

वाढ मोठी होती, यात वाद नाही. पण त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला ११.४४ वरून १२.२१ पौंड झालं आणि मालकाला भरावा लागणारा राष्ट्रीय विमा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला. काउंटरवरची बरीचशी मंडळी किमान वेतनाच्या आसपासच काम करतात. सरकारनं एका हातानं दिलेल्या वाढीतला मोठा भाग दुसऱ्या दारानं बाहेर पडला.

डॉक्टरऐवजी केमिस्टकडे जा: सल्ल्याचे १७ पौंड

३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये 'फार्मसी फर्स्ट' योजना सुरू झाली. सायनस, घसादुखी, मुलांचं कान दुखणं, कीटक चावून झालेला संसर्ग, इम्पेटिगो हा त्वचेचा संसर्ग, नागीण आणि महिलांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग. या सात तक्रारींसाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट न घेता थेट फार्मासिस्टला भेटायचं. गरज असेल तर तो ठरवून दिलेल्या नियमांनुसार अँटिबायोटिकही देतो. सल्ला मोफत, औषधाचं नेहमीचं शुल्क मात्र लागू.

यासाठी दुकानाला आधी १५ पौंड मिळायचे, २०२५ पासून १७. महिन्याला ठरावीक संख्या गाठली तर वर ठोक रक्कमही मिळते. पण यात एक मेख आहे. रुग्णाची तक्रार नियमांच्या चौकटीत बसली तरच सल्ला मोजला जातो. एखादी बाई थेट आली, फार्मासिस्टनं दहा मिनिटं तिची विचारपूस केली आणि हे प्रकरण डॉक्टरांकडेच जायला हवं असं ठरलं, तर काम झालं, पैसे नाहीत. संख्या कमी भरली की ठोक रक्कमही हुकते.

संख्येवर पैसे देण्याचा प्रयोग तिथे आधीही झाला होता. रुग्ण घेत असलेल्या औषधांचा आढावा घेण्यासाठी एका आढाव्यामागे २८ पौंड आणि दुकानाला वर्षाला जास्तीत जास्त ४०० आढावे अशी एक योजना होती. काही वर्षांतच ४०० ही मर्यादा न राहता टार्गेट बनली. ज्याला खरी गरज त्याला बोलावण्यापेक्षा जो समोर येईल त्याचा फॉर्म भरा, असा दबाव असल्याच्या तक्रारी फार्मासिस्ट करू लागले. २०२१ मध्ये ती योजना बंद झाली.

आणि फार्मासिस्टचा पगार?

सरकार दुकानाला फी वाढवून देतं तेव्हा पांढरा कोट घालून उभ्या असलेल्या फार्मासिस्टचा पगार आपोआप वाढत नाही. तो मालकाशी होणाऱ्या बोलणीवर ठरतो. लोकम म्हणजे तासावर काम करणारा फार्मासिस्ट असेल, तर त्या दिवशी त्या भागात फार्मासिस्टची किती चणचण आहे यावर. बूट्समध्ये फार्मासिस्टच्या स्वतंत्र युनियनला मान्यता मिळायला कित्येक वर्षांची कायदेशीर लढाई लागली. ती २०१९ मध्ये संपली.

महाराष्ट्रातून बी. फार्म. करून तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. भारतीय पदवीवर थेट नोंदणी होत नाही. ओएसपॅप नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा असा हा रस्ता आहे. डी. फार्म. त्यासाठी चालत नाही. तिथे पोहोचल्यावरही, दुकानात नोकरी मिळाली तर ती 'सरकारी' नसते. एनएचएसचा निळा बोर्ड दारावर असला तरी.

आपल्याकडे सरकार केमिस्टला अशी फी देतच नाही. दुकानदाराची कमाई म्हणजे औषधाच्या किमतीतलं मार्जिन. सरकारनं भाव बांधून दिलेल्या औषधांवर २०१३ च्या आदेशानुसार ते १६ टक्के धरलं जातं. जनऔषधी केंद्रांना विक्रीवरच्या मार्जिनखेरीज खरेदीच्या प्रमाणात प्रोत्साहन रक्कम मिळते, तीही औषधाला जोडलेली. समजावून सांगणं, डोस तपासणं याचा वेगळा एक रुपयाही नाही. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडेच, हे चित्र आपल्याकडे अनेक वर्षं का टिकून राहिलं, त्यामागचं हे एक कारण आहे. त्याच्या असण्याची किंमत बिलात कुठेच नसते.

इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरला असला तरी औषधाचे ९.९० पौंड वेगळे द्यावेच लागतात. नियमित औषध लागत असेल तर ११४.५० पौंडांत वर्षभराचा पास मिळतो, महिन्याला एका औषधापेक्षा जास्त लागत असेल तर तो स्वस्त पडतो. आणि साधी पॅरासिटामॉल चिठ्ठीवर लिहून आणली तर ९.९० पौंड, तीच सुपरमार्केटमध्ये एक पौंडाच्या आत मिळते. असं काही असेल तर काउंटरवर विचारायला हरकत नाही. ९.९० पौंड केमिस्टचे नसल्यामुळे 'चिठ्ठी राहू द्या, बाहेरून घ्या' असं तो बहुतेक वेळा स्वतःच सांगतो.